कोर्टात अडकलेला डबा

आमच्या कारखान्याला सील ठोकायला आलेल्या माणसासाठी मेणबत्ती कोणी धरली? मीच! वाऱ्याने त्याची काडी सारखी विझत होती, म्हणून पुढे झाले. लाखेचा गरम थेंब माझ्या ओढणीवर पडला नि तोच केवढा दचकला... "सॉरी हं — भाजलं तर नाही ना?"

"कारखाना बंद करताय ते चालतं, ओढणीचंच वाईट वाटलं?" मी फणकारले.

तो प्रदूषण खात्याचा इन्स्पेक्टर, मानस तांबे. नोकरीची मिल बंद पडल्यावर बाबांनी इंदूरच्या पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात साड्या रंगवायचा छोटा कारखाना काढला होता. घर त्यावरच चालायचं. रंगीत पाणी नाल्यात जातं, म्हणून खात्याने बंद करायचा हुकूम काढला. चूक आमची होतीही, पण एकदम कुलूप?

सील लागलं, पंचांच्या सह्या झाल्या, आणि तांबेसाहेब कपाळाला हात लावून उभे. "माझा डबा आतच राहिला!"

"मग उघडा की."

"पंचनामा झालाय हो... आता मलाही हात लावता येत नाही."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा कोर्टात गेले, स्टे मिळाला, सील काढायला पुन्हा तोच आला. डब्यातल्या भेंडीची दशा विचारू नका! मी डबा घासला आणि रिकामा कसा द्यायचा, म्हणून पोहे भरले. वर सेव.

मग खात्याने दुसऱ्या कलमाखाली सील लावलं, कोर्टाने तेही काढायला लावलं. लावायला आला की तो रिकामा डबा द्यायचा, काढायला आला की मी भरून परत. सरकार मोठं की कोर्ट, बाबांना कळेना. मला तर काहीच कळेना. सील लागलं की रडू यायचं आणि तो दिसला की बरं वाटायचं... ये क्या बात हुई? अख्ख्या इंदूरला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारी मी, त्याला भिया म्हणायला जीभ रेटेना.

शेवटचं सील काढायला आला, तेव्हा मात्र त्याने डबा घेतलाच नाही. "राहू द्या," म्हणाला. वर बघितलंही नाही. पुढे कळलं, फाईल दुसऱ्या साहेबांकडे गेली. मी काय चुकले, काही समजेना. खूप रडले.

कोर्टाचा निकाल लागला. बंद करायचा अधिकार खात्याचाच, पण मालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही. मग खात्यात सुनावणी झाली आणि पाणी साफ करायची टाकी बांधायला बाबांना मुदत मिळाली. बाबांबरोबर गेलेली मी ऑफिसच्या व्हरांड्यात आले, तर समोर मानस.

"फाईल मीच सोडली," तो म्हणाला. "तुमच्या हातचं खायचं आणि तुमच्याच दाराला सील लावायचं... किंवा नाही लावायचं — दोन्ही वाईटच ना? म्हणून ठरवलं, भेटायचंच नाही."

"एकट्याने ठरवलं?" माझा आवाज चढला. "कोर्टाने काय सांगितलंय? माझं म्हणणं कोण ऐकणार?"

तो गोंधळला. "मग... काय म्हणणं आहे?"

"आवडता तुम्ही मला! अजून काय?"

व्हरांड्यातले बाबू वळून बघायला लागले. तांबेसाहेब कानापर्यंत लाल. मग हळूच म्हणाले, "मला तर... त्या मेणबत्तीपासूनच." आणि थोडं थांबून, "माझा डबा आहे ना अजून तुमच्याकडे? आता फाईल नाही, खाऊ शकतो."

मी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात ठेवला. झाकण उघडून तो बघतच राहिला.

"पोहे? म्हणजे तुम्ही घरूनच ठरवून आलात?"

"मग! पण आधी तुमचं म्हणणं ऐकायला नको?"