सदानंदी पाल

ज्या प्राण्याचं पूर्णवाचन झालं आहे तो नामशेष होऊच शकत नाही, असं आता कायद्यातच लिहिलेलं होतं. पूर्णवाचन म्हणजे रक्ताच्या थेंबातून त्या प्राण्याची सगळी जनुकं अक्षर न् अक्षर वाचून साठवणं. त्यावरून हवं तेव्हा कृत्रिम अंड्यात तो प्राणी पुन्हा घडवता येई. मग त्याच्या डोंगराला संरक्षण कशाला? संरक्षण उरलं होतं ते फक्त पूर्णवाचन न झालेल्या जातींना.

मलेशियात पेराकच्या सपाटीवर चुनखडीचे डोंगर बेटांसारखे सुटे उभे असतात. मधली सपाटी पालींना ओलांडता येत नाही, म्हणून लाखो वर्षांत एकेका डोंगरावर पालीची वेगळीच जात घडली. त्यातला शेवटचा डोंगर आता खाणीच्या वाटेत होता. खाणीवर सुरुंग लावणारे सदानंद मेस्त्री यांनी तिथल्या गुहेत एक पाल पकडली आणि कापडी पिशवीतून हेमांगी पेडणेकरकडे आणली. हेमांगी पालींचं वर्गीकरण करायची. दोघंही वेंगुर्ल्याची.

"नवीन जात निघाली तर काम थांबतं ना गो?" त्यांनी विचारलं होतं. "जन्मभर डोंगर फोडले. हा एक तरी राहू दे."

"थांबतं," ती म्हणाली होती. ते अर्धंच खरं होतं.

पालीच्या मांडीखालच्या छिद्रांची रांग मधेच तुटलेली होती. असं शेजारच्या कुठल्याच जातीत नव्हतं. हेमांगीची ही पहिली जात. पण पूर्णवाचन जोडल्याशिवाय नाव प्रसिद्ध होत नसे. तिने ते जोडलं.

नाव प्रसिद्ध झालं त्या दुपारी ती खाणीच्या कॅन्टीनमध्ये गेली.

"काका, जातीला तुमचं नाव दिलंय. पकडणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत आहे. सदानंदी."

मेस्त्री हसत सुटले. लगेच त्यांनी घरी फोन लावला. पलीकडून बायको म्हणाली, "आमच्या ट्यूबलाइटमागे पण एक आसा. तिका माझा नाव द्या म्हणावं!"

फोन ठेवून ते म्हणाले, "चला, डोंगर वाचला."

"नाही काका." हेमांगीची मान वर होईना. "वाचन झालं की जात सुरक्षित धरतात. मग डोंगर फोडायला हरकत नसते."

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर?"

"तर राहिला असता. वाचन न झालेली जात तिथे आहे तोवर परवानगी मिळत नाही."

"आणि हे तुला तेव्हा ठाऊक होतं?"

आपण नाही तर दुसऱ्या कुणीतरी नाव दिलंच असतं, हे वाक्य ती वाटेत घोकत आली होती. ते तोंडातून निघालं नाही. "हो," ती म्हणाली.

मेस्त्री उठले. "मग माझं नाव तरी काढ त्यातून."

"काढता येत नाही. एकदा प्रसिद्ध झालेलं नाव कुणालाच मागे घेता येत नाही."

परवानगी आली. तिच्यात कारण दिलं होतं, 'सदानंदी जात सुरक्षित.' सुरुंग मेस्त्रींनीच लावले.

पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेने पहिली घडवलेली पाल पडताळणीसाठी पाठवली. हेमांगीने खवले मोजले, छिद्रं मोजली. कशातच फरक नव्हता. मेस्त्री दारात येऊन उभे राहिले. पाल तिच्या मनगटावर स्वस्थ बसून होती.

"हीच ती?"

"हीच, काका."

"नक्की?"

"नक्की."

"मग जा," ते म्हणाले, "तिला घरी सोडून ये."