गिल्येर्मिनाचं घमेलं

दार ओढून घे रे, समुद्राचा वारा थेट हाडांत शिरतोय. आणि ज्याला एकट्यानं घरी जायचंय त्यानं आत्ताच उठावं. नंतर "काका, कोपऱ्यापर्यंत सोबत या ना" चालणार नाही. बसताय? बसा. हात जाळ्यावर, कान इकडे.

वरच्या गल्लीतला अदेलीनू माहीत आहे ना, काठी टेकत चालतो तो? गोष्ट त्याची. तीन वर्षं झाली. अठ्ठावीस जून, संत पेद्रूच्या जत्रेची रात्र. गल्लीगल्लीत सार्डिन मासे भाजत होते, धुरानं डोळे चुरचुरत होते. आमच्याकडे खाणारी तोंडं ढीगभर आणि शेगडी एकच. अदेलीनू म्हणाला, "आईच्या घरी मोठी शेगडी पडलीय, घेऊन येतो."

ते घर बंद असायचं. आई गिल्येर्मिना जाऊन पंचवीसेक वर्षं झालेली. पावलांच्या दुखण्यानं गेली ती. आपल्या कोळ्यांना ते सांगायला नको, पण हा नवा पोरगा पोर्तो शहरातला आहे, त्याच्यासाठी सांगतो. हे रक्तातून येतं. आईला किंवा बापाला असलं, की प्रत्येक पोराच्या वेळी छापा-काटा. यकृत एक खोटं द्रव्य बनवत राहतं आणि ते नसांमध्ये साचतं. आधी पावलांना गरम-गार कळेनासं होतं. मग पोट बिघडतं, माणूस वाळत जातो, चालणं सुटतं, शेवटी हृदय. आता गोळी आहे, यकृतही बदलतात. पण गेलेलं परत येत नाही, पुढचं फक्त थोपवतात. तेही वेळेत गेलात तर.

पूर्वी कुठली तपासणी? पोर वयात आलं की आया त्याचे पाय कढत पाण्याच्या घमेल्यात घालायला लावायच्या. पोर बोंबललं की पाय शाबूत, देवापुढे मेणबत्ती. अदेलीनूची पाळी यायच्या आतच त्याची आई गेली.

देओलिंदा, त्याची बायको, सारखी मागे लागायची. "एकदा रक्त देऊन ये रे. लिद्या पाच वर्षांची आहे आपली." हा बर्फाच्या पेटीत अनवाणी उभा राहून दाखवायचा. "बघ तळवे! कोळ्याचे आहेत, दगडाचे. मला काय धाड भरलीय?" आणि आम्ही शहाणे टाळ्या पिटायचो. मुर्दाड पायांचं आपल्यात कौतुकच फार.

तर... त्यानं कुलूप काढलं. आत वीज नाही. मोबाइलचा उजेड धरून स्वयंपाकघरात गेला.

आई बसली होती.

स्टुलावर. घागरा गुडघ्यापर्यंत. पाय घमेल्यात. घमेल्यातून वाफ...

"पाय घाल, बाळा."

तो सांगतो, घाबरायचं सुचलंच नाही. आई होती ना. त्यानं बूट काढले. मोजे काढले. पाय घातले, तिच्या पायांशेजारी.

"पोळतंय?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"गार आहे गं आई. गारच आहे..."



ती नुसती बघत राहिली.

मग डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. आणि...

तो धावत परत आला. शेगडी नाही, बूट नाहीत. चेहरा पांढराफटक, पण हसत होता. "देओलिंदा, आई भेटली! पाणी गार होतं!"

देओलिंदानं खाली पाहिलं. घोट्यापर्यंत फोड. टाचेचं कातडं सुटून लोंबत होतं. त्याच पायांनी तो खडीवरून धावत आला होता.

"अदेलीनू... दुखत नाही तुला?"

"काय दुखायचंय?"

गल्लीतली गाणी बंद पडली.

मग रक्त दिलं. निकाल विचारू नका. डॉक्टरीण म्हणाली, हे कित्येक वर्षं साचतंय, हृदयापर्यंत गेलंय, यकृत बदलून उपयोग नाही. गोळी चालू आहे. काठी तुम्ही बघताच. पुढच्या जत्रेला तो चाकाच्या खुर्चीत असेल. तेही, असला तर.

लिद्याची चाचणी अठरा पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत. देओलिंदा म्हणते, तेवढी वर्षं तरी आशा धरता येईल, काका. मी मान हलवतो. दुसरं काय करू?

कारण त्या पहाटे ते घर बंद करायला मी गेलो होतो. लिद्या माझ्या बायकोच्या कुशीत झोपली होती, रात्रभर हलली नव्हती. तिच्यावर पांघरूण घालूनच मी निघालो.

चूल गार. घमेलं कुठेच नाही. फरशीवर ओली पावलं... एव्हाना वाळायला हवी होती. वाकून हात लावला.

गरम होती.

गिल्येर्मिनाची, बोटं आखडलेली. अदेलीनूची, रुंद.

आणि दोघांच्या मधे... अजून दोन. माझ्या वितीएवढीही नाहीत.