चौदाचं ॲव्हरेज

होटगीच्या रस्त्यावरचं रेल्वे फाटक पडलं, तेव्हा चंद्रिकाची स्कूटी सगळ्यांत पुढे होती. चैत्राचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर चढलं होतं. तिने ओढणी कपाळावर ओढली आणि स्कूटी तशीच चालू ठेवून मालगाडीची वाट बघत उभी राहिली.

"गाडी बंद करा की."

शेजारच्या मोटारसायकलवरचा माणूस बोलत होता. तिशीच्या आतला, सावळा, शर्टाच्या बाह्या नीट घडी घालून वर केलेल्या. त्याची गाडी केव्हाच बंद झाली होती.

"का?"

"मालगाडी हाय. अजून इंजिनसुदिक दिसंना. तवर तुमची स्कूटी उभ्या उभ्या पेट्रोल पिणार."

"पिऊ दे. तुमच्या घरचं तर पीत नाही ना?"

"न्हाय की," तो शांतपणे म्हणाला, "पण धूर माझ्या नाकात जातोय."

चंद्रिकाने स्कूटी बंद केली. त्याने सांगितलं म्हणून नव्हे... तिला आपलं वाटलं म्हणून. एकदम शांत झालं. रुळांपलीकडच्या लिंबावर कुठलातरी पक्षी ओरडत होता, तो आता ऐकू आला. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि तो माणूस हसून पुढे निघून गेला. हसला ते चंद्रिकाला खटकलं. न विचारता शहाणपण शिकवणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, असं तिचं पक्कं मत होतं.

तासाभराने ती घरी आली, तर तोच माणूस अंगणात वडिलांसमोर हात बांधून उभा!

"चंद्रव्वा, ह्यो विरेश," वीरभद्रप्पा म्हणाले. "वळसंगचा. तीन नंबरच्या गाडीवर उद्यापासनं ह्यो."

वीरभद्रप्पांच्या चार व्हॅन होत्या. होटगी आणि आसपासच्या कामगार बायकांना चिंचोळी एमआयडीसीत नेऊन सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हा त्यांचा धंदा. अप्पांचे गुडघे गेले, तेव्हापासून गाड्यांचं सगळं चंद्रिकाच बघत होती. सर्व्हिसिंग तिच्याकडे, टायर तिच्याकडे, कुठल्या गाडीने किती पेट्रोलात किती किलोमीटर कापले तेही तिच्याकडे.

"फाटकावर उपदेश करणारे तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"व्हय. आता तुमच्या घरचं पेट्रोल पिणार, तर जपून पिलेलं बरं."

अप्पा खो खो हसले. चंद्रिका हसली नाही.

तिच्या न हसण्याला कारण होतं. तीन नंबरच्या गाडीवर याआधी मायाप्पा होता. अकरा वर्षं. लहानपणी शाळेत तोच सोडायचा, ती त्याला काका म्हणायची. गेल्या महिन्यात त्याच काकाला तिने टाकीत नळी घालून पेट्रोल काढताना बघितलं. मायाप्पा गेला, पण जाताना चंद्रिकाचा माणसांवरचा विश्वासही घेऊन गेला. आता ती दूधवाल्याचंसुद्धा माप दोनदा बघायची.

तीन आठवडे झाले. बाकीच्या गाड्या लिटरला अकरा किलोमीटर देत होत्या. तीन नंबर देत होती चौदा.

कमी आलं असतं तर चंद्रिकाला नवल वाटलं नसतं. कमी येण्याचे मार्ग तिला पाठ होते. पण जास्त? तिने टाकी स्वतः समोर उभी राहून फुल करवून घेतली, आठवड्याने पुन्हा फुल करवून घेतली. चौदाच.

"मीटरला हात लावला असणार," ती अप्पांना म्हणाली. "मीटर पळवायचं, आपण कसे मोठे ते दाखवायचं, विश्वास मिळवायचा. मग हळूच नळी घालायची."

मायाप्पाची जखम त्यांनाही होती. "शनिवारी मला सांग," ते म्हणाले. "पोरगा मला बरा वाटतोय. पन तू म्हनशील तर ठेवतो, तू म्हनशील तर काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चंद्रिका तीन नंबरच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"आज मी येणार."

"या की," विरेश म्हणाला. पण गाडी सुरू करण्याऐवजी हवेचं माप घेऊन तो चाकाशी बसला.

"पंपावर बघता येत नाही?"

"तितं जाईस्तवर टायर तापतंय. तापलं की हवा फुगती, आकडा खोटा दावतंय. सकाळी थंड असताना बघावं." मग मान वर करून म्हणाला, "माणसाचं बी तसंच हाय. तापलेलं असताना मोजू न्हाय."

हे कोणाला उद्देशून होतं, यावर चंद्रिका होटगी येईपर्यंत विचार करत बसली.

होटगीत सात बायका चढल्या. सोजरबाई त्यांच्यात थोरली, आणि तोंडाची सगळ्यांत मोकळी. पुढच्या सीटवर चंद्रिकाला बघून ती म्हणाली, "अगं बया! आज मालकीणबाई? काय गं ताई, गाडी तपासतीस का डायवर?"

मागे हशा पिकला. चंद्रिकाचे कान तापले. विरेश समोर बघत होता, पण त्याच्या मिशीचं टोक हललं.

तिने त्याचा पाय बघायचं ठरवलं. चोर पायात असतो, निदान ड्रायव्हरचा तरी. मायाप्पा गाडी अशी उचलायचा की मागच्या बायकांचे डबे सीटवरून खाली यायचे. हा ॲक्सिलेटरवर पाय असा टेकवत होता, जणू खाली कोणी झोपलंय. लांबवर सिग्नल लाल दिसला की पाय काढून घ्यायचा. गाडी आपल्या वेगाने वाहत जायची, आणि पुष्कळदा ती पोचेपर्यंत सिग्नल हिरवा व्हायचा. ब्रेक क्वचितच लागायचा. डावा पाय क्लचवर ठेवून दिलाय, असं तर एकदाही झालं नाही.

"मागे लोखंडी कांबी होत्या, साखळी होती, जुनी पोती होती. ती कुठं गेली?" तिने संशयाने विचारलं.

"तुमच्याच शेडात ठेवलीत, भिंतीकडंला. रोज तीस किलो उगंच फिरवायचं कशाला? एअर फिल्टर बी आठवड्याला झटकतोय. चिंचोळीची धूळ म्हंजे... त्याचा जीव घुसमटतोय की."

"फिल्टरचा?"

"व्हय. फिल्टरचा." थोडं थांबून तो म्हणाला, "सध्या तरी."

तिने खिडकीबाहेर बघितलं. मग आरशात बघितलं, तर तो आरशातच बघत होता.

"आरशात काय बघताय सारखं?"

"मागची गाडी."

तिने वळून बघितलं. मागे रस्ता पार मोकळा होता.

बुधवारी ती गेली, गुरुवारी गेली. परतीला गाडी रिकामी असायची. दोघंच. एसी लावायचा का खिडक्या उघडायच्या, यावरून भांडण व्हायचं. गावात हळू चालताना खिडक्या उघड्या बऱ्या, मोठ्या रस्त्याला लागलं की वारा गाडीला मागं ओढतो, तेव्हा काचा लावून एसी बरा, असं तो सांगायचा. पुणे रोडवर काचा बंद व्हायच्या, बाहेरचा आवाज तुटायचा, आणि भांडणही तिथेच तुटायचं. गुरुवारी अवकाळी चार थेंब पडले. तापल्या डांबराचा वास आत आला. त्याने वायपर लावला, आणि तिच्या बाजूची काच नीट लागली नव्हती म्हणून हात लांब करून... मध्येच थांबवला. "तेवढी काच..." म्हणाला. तिने काच लावली. एवढंच झालं. पण रात्री जेवताना अप्पांनी दोनदा भाकरी मागितली, तेव्हा कुठे तिला ऐकू गेलं.

आणि म्हणूनच ती जास्त घाबरली. मायाप्पाने तिचा काका होऊन फसवलं होतं. हा आणखी काही होऊन फसवेल, तर?

शुक्रवारी परतताना ती पक्कं ठरवूनच बसली. चिंचोळी सोडल्यावर पहिला किलोमीटरचा दगड आला, तसा तिने मीटरवरचा आकडा वहीत लिहिला. मग दगड मोजत राहिली. विरेशने एकदा तिच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडे नजर वळवली. ते तिला बोचलं.

सरकारी दगडांनी बारा किलोमीटर झाले. मीटरवर तेरा.

"गाडी बाजूला घ्या."

त्याने घेतली. इंजिन बंद केलं.

"मीटरला हात लावलाय तुम्ही." तिला ओरडायचं होतं, पण आवाज नुसता कापला. "बाराचे तेरा करतंय ते. मला... मला वाटायला लागलं होतं..."

काय वाटायला लागलं होतं, ते तिने सांगितलं नाही.

विरेश खाली उतरला. मागचं दार उघडून त्याने स्टेपनी काढली आणि घरंगळत आणून पुढच्या चाकाला टेकवून उभी केली. "मॅडम, खाली या. नोड्री... बघा जरा."

चंद्रिकाने बघितलं. स्टेपनी चांगली दोन बोटं उंच होती.

"स्टेपनी जुन्या मापाची हाय. ही चार टायरं नवी. रिंग तेरा इंचाचीच, रुंदी बी तीच, पन उंचीला बुटकी. बुटकं चाक तेवढ्याच वाटंला जास्त गिरक्या घेतंय. मीटर गिरक्या मोजतंय, वाट न्हाय मोजत."

ती टायरं चंद्रिकाने घेतली होती. मायाप्पा गेला त्या आठवड्यात. दुकानदार म्हणाला होता, तेरा इंचाचीच आहेत ताई, बसतात की. आणि बसलीही होती. टायरं बसली, त्याच सोमवारी विरेश कामावर आला. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, आणि तिने त्यांतल्या एकीवरच संशय घेतला. ज्याला ती चोर म्हणत होती, तो आकडा तिने स्वतः बसवून घेतला होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"दुसऱ्या दिवशी! आणि तीन आठवडे बोलला नाहीत?"

तो स्टेपनीवरची माती हाताने पुसत राहिला.

"का बोलला नाहीत?"

"चला," तो खाली बघून म्हणाला, "संध्याकाळची खेप हाय."

म्हणजे काहीतरी होतंच! चंद्रिकाच्या मनात वाटभर गिरणी चालू होती. फुकटची शाबासकी गोड लागली असेल. की आपली चूक हाताशी धरून ठेवली, पुढेमागे कामाला येईल म्हणून? एकच उत्तर तिला हवं होतं, आणि तेच तो देत नव्हता.

शनिवार उजाडला. वीरभद्रप्पा अंगणात खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होते. विरेश गाडीची चावी घ्यायला आला, तसे म्हणाले, "थांब जरा. चंद्रव्वा, काय ठरलं तुझं? ठेवायचा का काढायचा?"

चंद्रिका पुढे आली. रात्रभर तिने हेच वाक्य जुळवलं होतं, तरी ते जड गेलं. "अप्पा, मीटरला कोणी हात लावलेला नाही. चूक माझी आहे. मी चुकीच्या मापाची टायरं घेतली. मीटर बाराचे तेरा दाखवतंय. चौदा नाही, खरं ॲव्हरेज तेराच्या आसपास आहे. तरीही बाकीच्यांपेक्षा दोनाने जास्तच. ते मात्र यांच्या पायाचं."

अप्पांनी बशी खाली ठेवली. लेकीकडे बघितलं, मग विरेशकडे. "तुला ठावं होतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

"मग का सांगितलं न्हाईस रं?" अप्पांचा आवाज चढला. "आज टायर लपवलास, उद्या काय लपवशील?"

आता तो म्हणेल, मॅडमना बोल लागू नये म्हणून गप्प बसलो. चांगलं दिसेल. अप्पांनाही पटेल. आणि ते खोटं असेल, हे तिला आतून कळत होतं.

विरेशने चपलेचा अंगठा मातीत रुतवला. मानेवर घाम आला होता.

"खरं सांगतो, अप्पा. पयल्यांदा वाटलं, नवा मानूस, मालकिनीची चूक कशी काढायची. मग... मग मॅडम गाडीत बसाय लागल्या. माझ्यावर संशय होता म्हनून बसायच्या, ते कळत होतं मला. टायरचं सांगितलं असतं तर संशय फिटला असता..." तो थांबला. "संशय फिटला की मॅडम बसायच्या बंद झाल्या असत्या. म्हनून न्हाय सांगितलं. आता तुमी काढा, न्हायतर ठेवा."

बाहेरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. अप्पा कितीतरी वेळ त्या पोराकडे बघत राहिले. तोंडावर राग होता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांना उमजत नसावं.

"चंद्रव्वा," शेवटी ते म्हणाले, "तू दूधवाल्याला बी सोडत न्हाईस. तूच सांग. ह्यो खरं बोलतोय का?"

चंद्रिकाने विरेशकडे बघितलं. तो पळवाट शोधत नव्हता, दयाही मागत नव्हता. नुसता उभा होता, कान लाल झालेले.

"खरं बोलतायत, अप्पा."

"कशावरनं?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"कारण..." ती म्हणाली, "टायरं बघून काल मला आनंद व्हायला हवा होता. चोर नाही निघाले. आणि मला मात्र रडायला येत होतं... की उद्यापासून गाडीत बसायला काही निमित्तच नाही."