दोन दिवसांचं ऊन

तो दिवस अगदी साधा होता. १६ मे २०२४, गुरुवार. सकाळी मी धोंडीराम शेवाळेला फोन करून कोऱ्या पट्ट्यांचा एक गठ्ठा मागितला, आणि तो म्हणाला, "ये दुपारून घेऊन जा. चहा मात्र तू पाजायचा." मी गेलो नाही. ऊन फार होतं.

"कसल्या पट्ट्या, काका?"

सांगतो. सायली, तो दिवा बारीक कर आणि बस. रोहित, मधे हसायचं नाही. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसाची आहे.

धोंडीराम माझ्यासारखाच हवामानाच्या नोंदी घेणारा. त्र्यंबक रोडला एका शेतकी शाळेच्या मळ्यात त्याचं छोटं केंद्र होतं आणि शेजारीच दोन खोल्यांचं क्वार्टर. तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं भांडं, तापमापकांची पांढरी पेटी, आणि सिमेंटच्या खांबावर काचेचा एक भरीव गोळा. गोळ्यामागे जाड कागदाची निळी पट्टी खोचलेली असते. ऊन पडलं की गोळ्यातून ते पट्टीवर एकवटतं आणि कागद जळत जातो. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ पुढे जाते. ढग आला की रेघ तुटते. पट्टीवर तास छापलेले असतात. आकाश किती वाजता झाकलं, ते नुसत्या रेघेवरून कळतं.

रोज सूर्य मावळल्यावर पट्टी बदलायची. धोंडीरामला उशीर झाला तर त्याची बायको, उज्वला, बदलायची. आधी पदराने गोळा पुसायची. म्हणायची, "तुमच्या उन्हाला झोपवून आले हो!"

त्या गुरुवारी ती बहिणीकडे गेली होती. राखीकडे, नाशिक रोडच्या पलीकडे. तिथून बससाठी वीस मिनिटं उघड्या वावरातून चालत यावं लागतं. वळवाचा ढग त्या दिवसांत त्र्यंबककडून यायचा. म्हणजे आधी धोंडीरामच्या मळ्यावर, मग तासाभराने तिकडे. म्हणून निघायच्या आधी ती नवऱ्याला फोन करायचीच.

चार वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला.

"अहो, निघू का?"

"निघ की. लख्ख ऊन आहे."

"बघून सांगताय ना? का कूलरसमोर बसून?"

"हवामानवाल्याची बायको तू. विश्वास ठेव की जरा."

ती हसली आणि फोन ठेवला.

धोंडीराम कूलरसमोरच बसला होता. खिडकीला वाळ्याचा पडदा होता. तो उठला नव्हता.

पावणेसहाला राखीचा फोन आला. "दाजी, या लवकर... ताईवर वीज पडली."

तो तसाच निघाला. त्या संध्याकाळी पट्टी बदलायची राहिली. शिपाई फकिरा त्याच्याबरोबर गेला होता. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं होतं, आणि शुक्रवारचं ऊन गुरुवारच्याच पट्टीवर पडलं. रेघेवर रेघ जळली. आमच्या कामात याहून वाईट चूक नाही. दोन दिवसांचं ऊन एका पट्टीवर आलं की कुठलं कुठल्या दिवसाचं, ते देवालासुद्धा सांगता येत नाही.

धोंडीरामला एवढंच जाणून घ्यायचं होतं. आपण "निघ" म्हणालो तेव्हा मळ्यावर ऊन होतं, की ढग आधीच आला होता? फकिरा त्या वेळी गावात गेलेला. शाळेला सुट्टी. सांगणारं कोणी नव्हतं. ती एक पट्टी होती, आणि ती गेली.

तेराव्याला मी होतो. पानं उठल्यावर राखी त्याच्यासमोर येऊन बसली. रागाने नाही, साध्या आवाजात म्हणाली, "दाजी, ताईने तुम्हाला विचारलं होतं ना?"

तो उठून आत गेला.

संध्याकाळपर्यंत सगळे पांगले. मुलगी पिंकी मावशीला सोडायला गेली, ती रात्री तिकडेच राहणार होती. फकिरा म्हणाला, "दादा, थांबू का मी? लय अंधारून आलंय." धोंडीरामने त्याला घरी पाठवलं. मीही निघालो. थांबायला हवं होतं मी.

२८ मे, मंगळवारची रात्र. सव्वासातला त्याने तेरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कोरी पट्टी लावली. आठ चाळीसला लाइट गेली. तो पायरीवर येऊन बसला. त्र्यंबकच्या बाजूला विजा चमकत होत्या. पाऊस नव्हता. वाराही नव्हता. सवयीने तो चमक आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजू लागला. तीन सेकंदांना एक किलोमीटर, असा आमचा हिशोब.

एक चमक. कुंपण, पेटी, खांब. तीस सेकंद.

पुन्हा अंधार. त्यात फाटकाची कडी वाजली.

"फकिरा?"



दुसरी चमक. खांबापाशी कोणीतरी उभं होतं. पाठमोरं. किंचित वाकलेलं.

अठरा सेकंद...

तिसरी. हात गोळ्यावर. गोल फिरणारा. हातात पदर.

नऊ...

त्याला हाक मारायची होती.

चौथी चमक.

कोणी नव्हतं. फाटक सताड उघडं.

या वेळी त्याने मोजलं नाही.

"मग?" रोहितने विचारलं.

मग जळक्या कागदाचा वास आला.

तो उठला. अंधारात चाचपडत खांबापर्यंत गेला. गोळ्याला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. गोळा तापलेला होता. भर दुपारी दोनला तापतो तसा.

वीज कितीही लखलखली तरी तिने पट्टी जळत नाही, पोरांनो. कागद जळायला ऊन एका जागी टिकावं लागतं. विजेला तेवढा वेळ नसतो.

त्याने पट्टी ओढून काढली. खिशात मोबाइल होता, उजेड करता आला असता. केला नाही. सकाळच्या टोकाकडून पट्टीवर बोट फिरवलं. कोरी लावलेली पट्टी. बोटाला जळका चर लागला. तासांचं अंतर बोटाला पाठ होतं. सात. आठ. नऊ. चर सलग होता, कुठे तुटत नव्हता. बारावर आला. तिथे त्याने बोट उचललं.

पुढे चारचा आकडा होता.

रात्रभर पट्टी उशाखाली होती. पहाटे, उजाडायच्या आत, त्याने ती पाकिटात घालून डिंकाने बंद केली.

मागच्या वर्षी तो निवृत्त झाला आणि पिंकीकडे सुरतला राहायला गेला. जाताना पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाला, "तुला रेघ वाचता येते. वाच, आणि मला कळव. नाहीतर... नको कळवूस."

"काका, तुम्ही वाचली?"

पाकीट माझ्या कपाटात आहे. त्याचा दर महिन्याला फोन येतो. पावसापाण्याचं बोलतो, तब्येतीचं विचारतो, पण पाकिटाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

मी ते अजून उघडलेलं नाही.