तेरावी गाठ

नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर दीपमाला वकिलांचं ऑफिस आहे. तिथले कारकून तातेराव. वय बहात्तर. आधी तीस वर्षं काकासाहेब वकिलांकडे काढली आणि काकासाहेब वारल्यावर त्यांच्या ज्युनिअर दीपमालाकडे राहिले.

तातेरावांना अक्षर आलं बेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी फायली सांभाळायच्या म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली होती. खटल्याचे कागद लाल कापडात बांधले की त्याचा बस्ता होतो. तातेराव बस्त्याला खटल्याप्रमाणे गाठ मारत. वाटणीच्या दाव्याला एक, विहिरीच्या पाळीला दुसरी, अपिलात गेलेल्याला तिसरी. अशा अकरा गाठी. डोळे मिटून चाचपलं तरी कोणता बस्ता ते सांगत. पुढं वाचता यायला लागलं, पण गाठी सुटल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दीपमालानं जिल्ह्यातल्या वकिलांसाठी ब्लॉग सुरू केला. जुने खटले कसे लढले, कुठला निकाल कुठं कामी आला, असं त्यात असे. “तुमच्या डोक्यातलं तुमच्याबरोबर जायला नको, काका,” असं ती म्हणाली, आणि दर शनिवारी दुपारी तातेराव बोलू लागले, ती टाइप करू लागली. एक शनिवार, एक गाठ, एक फोटो. खाली अंबडच्या कुणा वकिलानं लिहिलं, ‘तातेरावकाका, पाचव्या गाठीत माझंच बोट अडकलं.’ तातेरावांनी ते मोबाइलवर बोट ठेवून, अक्षर लावत वाचलं आणि दिवसभर गालात हसत राहिले. अकरा गाठी लिहून झाल्या तेव्हा त्यांना फार हलकं वाटलं होतं.

त्यानंतरच हसनाबादच्या द्वारकाबाई आल्या. शेजाऱ्यानं चर खणून त्यांच्या बागेचा रस्ता बंद केला होता. पंचवीस वर्षांपूर्वी काकासाहेबांनी त्याच रस्त्याचा आदेश तहसीलदारांकडून मिळवला होता. त्याची प्रत याच ऑफिसात होती, दुसरी कुठंच नव्हती. गुरुवारी कोर्टात तारीख होती.

आणि तातेरावांना बस्ता सापडेना.

“तुमीच बांधून ठेवल्ता ना?” द्वारकाबाई म्हणाल्या. “माझ्यासमोर.”

“ठेवल्ता.”

“मंग? मोसंबी झाडावरच गळून राह्यली. टेम्पो न्यायचा कुठून, माझ्या डोक्यावरून?”

तातेराव पुन्हा कपाटाकडं वळले. इतक्या वर्षांत कागद मागितला आणि हात तिकडं गेला नाही, असं कधी झालं नव्हतं. तीन दिवस त्यांनी सगळी कपाटं उपसली. अकरापैकी कुठल्याच गाठीखाली तो आदेश नव्हता.

मंगळवारी सकाळी त्यांनी ब्लॉग उघडला.

“वकीलबाई, बारावी गाठ कधी टाकली?”

“बारावी कुठली? अकराच सांगितल्या ना तुम्ही?”

त्यांनी मोबाइल पुढं केला. ‘गाठ बारावी. रस्त्याच्या कागदाला. दोन पदर आत घ्यायचे, टोक बाहेर दिसू द्यायचं न्हाई. घाईत कुणी सोडू नये म्हणून.’ बोलणं हुबेहूब तातेरावांचं. फोटोत लाल कापड आणि एक हात. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. लहानपणी बैलगाडीत सापडून तातेरावांचं चिरलं होतं, तसंच. हाताच्या मागं हिरवी लाकडी मांडणी दिसत होती. ती मांडणी जुन्या जालन्यातलं ऑफिस सोडलं तेव्हाच मोडीत गेली. त्या काळी ऑफिसात कुणाकडं मोबाइल नव्हता.

“पासवर्ड फक्त माझ्याकडं आहे,” दीपमाला हळू म्हणाली. “तुम्ही कुणाला सांगून लिहून घेतलं का?”

“मला ही गाठ येतच न्हाई. सांगू काय?”

मग ते स्टुलावर चढले. या खेपेला त्यांनी डोळे मिटले आणि नुसती बोटं फिरवली. तिसऱ्या कपाटात, सगळ्यात वर, मागच्या रांगेत बोटं थांबली.

दोन पदर आत. टोक नाही.

न येणारी ती गाठ बोटांनी एका झटक्यात सोडली. आत तहसीलदारांचा आदेश होता.

गुरुवारी कोर्टानं तो बघितला आणि चर बुजवायचा हुकूम दिला. शनिवारी दुपारी द्वारकाबाई पोतंभर मोसंबी घेऊन माडी चढल्या. “टेम्पोतून आणली,” त्या म्हणाल्या, “डोक्यावरून न्हाई.” सगळे हसले. त्या गेल्यावर तातेरावांनी एक मोसंबं सोललं. साल न तुटता एक लांब वेटोळं होऊन टेबलावर पडली. फोड गोड होती. खालून दुकानातल्या बियाण्याचा आणि रस्त्यावरच्या डिझेलचा वास येत होता. आपलं काम बराबर झालं, असं त्यांना वाटलं.

मोबाइल वाजला.

‘गाठ तेरावी,’ त्यांनी बोट ठेवून वाचलं. ‘ही आपली आपल्याला बांधता येत न्हाई. दुसऱ्याकडून बांधून घ्यायची. सैल नको.’

फोटोत हेच टेबल होतं. टेबलावर सालीचं लांब वेटोळं.

हात दीपमालाचे होते. मनगटावर तिचं काळ्या पट्ट्याचं घड्याळ. बांधत असलेल्या लाल कापडातून चष्म्याची एक काडी डोकावत होती. काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

तातेरावांनी कानामागं हात नेला. दोरा जागेवर होता.

मजकुराखाली आजचीच तारीख होती. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला. मग मोबाइल पालथा केला.

“वकीलबाई, एक गाठ शिकवायची राह्यली.”

दीपमाला समोर येऊन बसली आणि तिनं लाल कापड ओढून घेतलं. सुरुवात कुठून करावी याचा तातेराव विचार करत होते, तोवर तिची बोटं चालू झाली होती.

“अशीच ना?”

“तुमाला कुणी दाखवली?”

“तुम्हीच की, काका. मागच्या शनिवारी.”

तातेरावांनी गाठ चाचपली.

“सैल राह्यली,” ते म्हणाले. “रिकाम्या कापडाला नीट बसत न्हाई ती.” आणि चष्मा काढून त्यांनी कापडाच्या मधोमध ठेवला. “हं. आता बांधा.”