डावी भुवई

ते १९६७ साल. मी तेवीस वर्षांची होते आणि एका वाद्यवृंदाच्या ग्रंथालयात कामाला होते. स्वरलिपीची फाटकी पानं चिकटवायची आणि कार्यक्रम झाला की वादकांनी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, हे माझं काम.

एका दुपारी पियानोवादक दारात उभा राहिला. उंच, केस विस्कटलेले.

"तुम्हाला स्वरलिपी वाचता येते?"

"नाही तर इथे काय कपाटं पुसायला ठेवलंय मला?"

"मग मी वाजवताना पानं उलटायला चला. नेहमीचा माणूस गालगुंडं होऊन घरी बसलाय."

वाद्यवृंदाचे जुने संचालक, म्हणजे कंडक्टर, निवृत्त झाले होते. याला पियानोही वाजवायचा होता आणि वाजवता वाजवता वाद्यवृंदही चालवायचा होता. मॅनेजर म्हणाले होते, "दोन दगडांवर पाय ठेवताय. एकच कार्यक्रम देतो. त्यात गडबड झाली, तर संचालक बाहेरून आणणार. तुम्ही आपला पियानो सांभाळा."

पियानोचं झाकण काढून तो वादकांच्या मधोमध ठेवला होता, याची पाठ प्रेक्षकांकडे. हात पियानोवर, त्यामुळे इशारे सगळे मानेने. चाळीस वादक त्याला पाठीमागे 'कबुतर' म्हणायचे. पहिल्या तालमीत त्याने मान हलवली, मी झटकन पान उलटलं... आणि पियानो थांबला.

"अहो, ती मान बासरीवाल्या काकांसाठी होती!"

सगळे खो खो हसले. माझे कान तापले.

"मग माझी कुठली?"

त्याने जरा विचार केला. "तुमची – डावी भुवई."

"आणि उजवी?"

"ती अजून कुणाला दिलेली नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मॅनेजर हाताची घडी घालून बसलेले. सगळं सुरळीत चाललं होतं. मधल्या संथ भागात त्याची डावी भुवई वर गेली. मी हात पुढे केला, आणि पाहिलं तर पानावर अजून दोन ओळी बाकी! हात तसाच मागे घेतला. भुवई पुन्हा वर. तो पानाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी दगडासारखी बसून राहिले. दोन ओळी संपल्या, तेव्हा मी माझ्या मनानेच पान उलटलं.

टाळ्या थांबेनात. पडद्यामागे मी त्याला गाठलं.

"तिथे पान नव्हतं!"

"माहीत आहे."

"मग भुवई कशाला?"

"हात अडकलेले. मान चाळीस जणांत वाटलेली. तुम्हाला काही सांगायचं तर... तेवढीच उरली होती."

"आणि मी उलटलं असतं तर? सगळ्यावर पाणी पडलं असतं!"

"तुम्ही उलटणार नव्हता."

मला रागवायचं होतं, जमलं नाही. "उद्या घरी या," मी म्हटलं. "आईला मात्र तोंडाने सांगा."

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंडक्टर? कुठल्या बसवर?"

त्याला दोन्ही कामं मिळाली. मॅनेजर पुढे सगळ्यांना सांगत, "मी आधीच ओळखलं होतं." बासरीवाले काका आमच्या लग्नात वाजवून मग निवृत्त झाले. गालगुंडंवाला बरा झाला, पण त्याची खुर्ची त्याला परत मिळाली नाही. एकतीस वर्षं मीच तिथे बसले. उजवी भुवई आमच्या मुलीला मिळाली. ती दंतवैद्य झाली, गाण्याचं अंग मुळीच नाही. पुढे त्याची बोटं आखडली आणि पियानो सुटला. तो नुसतं संचालन करू लागला आणि मी प्रेक्षकांत बसून त्याची पाठ बघू लागले. घरी येताना विचारायचे, "आज भुवई किती वेळा?" तो आकडा सांगायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला.

त्या पहिल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी खुणा खोडायला बसले होते. त्या पानावर, शेवटच्या दोन ओळींच्या वर, पेन्सिलीने काढलेली एक बारीकशी भुवई होती. म्हणजे गृहस्थाने आधीच ठरवून ठेवलं होतं!

बाकी सगळं खोडलं. ती स्वरलिपीची वही आता माझ्याकडे असते.