पाठमोरा फोटो

फिरायला गेलो नव्हतो. फोटो काढायला गेलेलो, एवढंच.

ठाण्यात बाळकुमच्या मागे खाडीवर धक्का आहे. तिथून शनिवारी संध्याकाळी साडेसातला एक बोट सुटते. तासाभराची फेरी, डेकवर प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात चहा, आणि काठाला घोडबंदरचे चाळीस-चाळीस मजली टॉवर. लोक सेल्फी काढतात आणि म्हणतात, "फॉरेन वाटतं ना एकदम?" आमचं सगळं काम त्याच वाक्यावर चालायचं.

कारण माझा मोठा भाऊ केदार दुबईत आहे. म्हणजे पप्पांनी तसं सांगितलंय. खरं असं, की दोन वर्षांपूर्वी त्याची बाईक खाडीपुलावर सापडली, चावीसकट. तो सापडला नाही. आदल्या रात्री पप्पांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलेलं, हे आमच्या घरात बोलायचं नाही. बॉडी नाही म्हणून दिवस घातले नाहीत. तेराव्या दिवशी मात्र रंगूआत्याला फोन गेला, की केदारला दुबईला नोकरी लागली, घाईत गेला. पोलिसांत बेपत्ता, नातेवाइकांत दुबईला. आई दोन्हीला मान हलवते. त्याच वर्षी मी इंजिनिअरिंग सोडलं. ते मात्र पप्पा सगळ्यांना खरं सांगतात, नालायक आहे म्हणून.

दर दोन-तीन महिन्यांनी मी बोटीवरून टॉवरचे फोटो काढायचो. पप्पा ते केदारच्या, घरीच राहिलेल्या मोबाईलवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे. पण या खेपेला आत्याने त्याच्यासाठी स्थळ आणलं. मुलीकडच्यांना ताजा फोटो हवा. म्हणून पप्पा स्वतः आले, पिशवीत केदारचं निळं जॅकेट घेऊन.

"घाल. पाठमोरा उभा राहा. खांदे तुमचे सारखेच आहेत."

"आधी एकदा म्हणा, तो गेला. मग घालतो."

"नयन, लोक बघतायत."

कोणीच बघत नव्हतं. मी जॅकेट घातलं. चीड यायला हवी होती. पण खूप वेळ हातावर झोपलं की तो आपला वाटत नाही ना, तसं आत सगळं झालेलं.

खाडीच्या मध्यावर काळुराम तांडेलाने इंजिन बंद केलं. इथे तो फोटोसाठी नेहमी थांबतो. "पोरा, लय वाकू नको," तो म्हणाला. "पानी ओढतं हितं."

मी मागच्या कठड्यापाशी ट्रायपॉड लावला, तीन सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं आणि रिमोटचं बटण पप्पांच्या हातात दिलं. बोटीवर जे आहे ते अशा फोटोत नीट येतं, कारण कॅमेराही बोटीवरच असतो. काठ मात्र ओहोटीबरोबर सरकत राहतो, त्याच्या दिव्यांच्या नुसत्या रेघा होतात. म्हणून तर ठाणं ओळखू येत नाही.

मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. एक, दोन, तीन.

स्क्रीनवर माझी पाठ आली, टॉवरच्या पिवळ्या रेघा आल्या. आणि माझ्या डावीकडे, पाण्यालगत, एक करडा ठिपका. त्याची रेघ झाली नव्हती.

"लेन्सवर काहीतरी आहे," पप्पा म्हणाले. "पूस."

पुसली. दुसऱ्या फोटोत तो ठिपका मोठा होता. त्याला खांदे होते.

"पप्पा... हे आपल्याबरोबर सरकतंय. काठावर असतं तर रेघ झाली असती."

"पुन्हा उभा राहा."

राहिलो. समोर नुसता काळोख होता. चिखलाचा, कुजलेल्या तिवरांचा वास रोजचाच. त्यात आता दुसरा मिसळलेला, ओले कपडे बरेच दिवस बादलीत राहिले की येतो तसा. कठड्याच्या पलीकडे, अगदी जवळ, थेंब पडत होते. पाण्यात पाणी. मी डोळे उघडेच ठेवले. काही दिसलं नाही.

तिसऱ्या फोटोत मी थोडा हललो होतो, कडा पुसट झालेल्या. तो अजिबात हलला नव्हता. कठड्याच्या बाहेर, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून. केदार. दाढी वाढलेली, दोन वर्षांची. पापण्या मोजता येतील इतका स्पष्ट.

मी पप्पांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी म्हणतील. ओरडतील. निदान बसतील खाली.

त्यांनी चष्मा लावला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"हा चांगला आलाय," ते म्हणाले. "चेहरा दिसतोय. तुझा भाग काप यातला."

"पप्पा, हा कुठे उभा आहे ते बघा ना..."

"काप म्हटलं ना."

मी कापला. माझे हातच ते काम करत होते. पप्पांनी केदारचा मोबाईल काढला, माझ्याकडून फोटो त्यात घेतला आणि आत्याला पाठवला. बोट वळेपर्यंत तिचं उत्तर आलं. पप्पांनी ते हळू आवाजात वाचून दाखवलं, घरी वाचतात तसं.

"अगं बाई, किती वाळलाय! दाढी काढ म्हणावं. मुलीकडच्यांना पसंत आहे. विचारतात, येणार कधी?"

पप्पा एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहू लागले. मी वाकून वाचलं. *निघालोय.*

"नका पाठवू... पप्पा, प्लीज."

पाठवलं.

धक्क्याला लागल्यावर बाकीची माणसं भराभर उतरली. आम्ही शेवटी होतो. काळुराम फळीपाशी उभा राहून एकेकाला हात देत होता. पप्पा उतरले, मग मी. चार पावलं गेलो आणि मागे बोट करकरली, एखादं जड माणूस उतरलं की हलकी होऊन वर येते तशी.

मी वळून पाहिलं. बोटीवर कुणी नव्हतं. काळुरामचा हात मात्र अजून पुढेच होता, ताणलेला. त्याची नजर दोरावर होती.

"सावकास," तो म्हणाला, "शेवाल हाय."